पायांपासून श्वासापर्यंत : जीबीएस आणि रत्नागिरी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची धायरी, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही नावे रोज बातम्यांत झळकू लागली. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गेलेली कोकणातली मुले त्या पट्ट्यात कमी नाहीत. त्यामुळे इकडच्या घरांत काळजी शिरली नसती तरच नवल. सुरुवातीला संशयित रुग्ण दोन डझन होते. महिना संपेपर्यंत शंभराचा आकडा मागे पडला आणि फेब्रुवारीत तो दोनशेच्या वर गेला. तोवर डॉक्टरांच्या पुस्तकांत आणि अतिदक्षता विभागात राहणारी ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे चहाच्या टपरीवर येऊन बसली. पुढे साथ ओसरली, बातम्या थांबल्या आणि आजारही गेला असे आपण धरून चाललो. तो गेलेला नाही. साथीआधीही तो आपल्यात होताच.

साधा हिशेब करून पाहा. गुलेन-बारी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, जगभर दरवर्षी लाख लोकांमागे साधारण एक ते दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या घरात होती. म्हणजे कुठलीही साथ नसताना या जिल्ह्यात वर्षाला १५ ते ३० जणांना हा आजार होणे अपेक्षित आहे. हे रुग्ण मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांत विखुरलेले असतात. गावातल्या डॉक्टरने उभ्या आयुष्यात असे दोन-चार रुग्ण पाहिले तर पाहिले. अडचण नेमकी इथे आहे. या आजाराचे औषध महाग आहे, त्यावर पुष्कळ बोलले जाते. पण बहुतेक रुग्णांचे पुढे काय होणार हे औषधाच्या आधीच ठरते, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टी फार स्वस्त आहेत : गुडघ्यावर मारायची रबरी हातोडी, एका श्वासात मोजलेले आकडे आणि कुठल्या दवाखान्यात न्यायचे याचा वेळेवर घेतलेला निर्णय.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मेंदू आणि मणक्यातून निघालेल्या नसा हातापायांपर्यंत पसरलेल्या असतात. विजेच्या तारेवर रबरी आवरण असावे तसे या नसांवर मायलिन नावाचे वेष्टन असते. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंशी लढताना एखादे वेळी चुकते आणि आपल्याच नसांवर चाल करून जाते. कधी ती वेष्टन खाते, कधी थेट आतल्या तंतूला इजा करते. वेष्टन गेले तर संदेश रेंगाळतो किंवा अडतो, आणि वेष्टन पुन्हा तयार झाले की माणूस सावरतो. आतला तंतूच तुटला तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घेतले म्हणजे काही रुग्णांना उभे राहायला सहा आठवडे आणि काहींना दोन वर्षे का लागतात ते कळते.

प्रतिकारशक्ती चुकते कशी, याचे सर्वांत चांगले समजलेले उदाहरण कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जंतूचे आहे. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो आणि माणसाला जुलाब देतो. त्याच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी कमालीचे मिळतेजुळते असतात. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग नसांवर जाऊन बसतात. या जंतूने जुलाब झालेल्या हजारांत जेमतेम एखाद्यालाच जीबीएस होतो, म्हणून प्रत्येक हगवणीला घाबरायचे कारण नाही. पण जीबीएसच्या रुग्णांना उलट विचारले, तर तिघांपैकी दोघांना आधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. फ्लू, झिका, हिपॅटायटिस ई आणि क्वचित डेंगी यांच्यामागूनही हा आजार येतो. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या मागोमाग असे रुग्ण वाढले. पेरू देशाला २०२३ मध्ये याच आजारासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. उत्तर चीनमध्ये १९९० च्या सुमारास खेड्यापाड्यांतल्या मुलांना उन्हाळ्यात लकवा का होतो याचा शोध घेताना थेट तंतूला इजा करणारा प्रकार स्पष्ट झाला. पुण्याने पाहिले ते जगावेगळे नव्हते.

आजाराचे वर्णन मात्र जुने आहे. १८५९ मध्ये लांद्री या फ्रेंच डॉक्टरने पायांतून वर चढत जाणाऱ्या लकव्याची नोंद केली. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, गियाँ, बारे (आजाराच्या नावातले ‘गुलेन-बारी’) आणि स्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांचा अभ्यास करून त्यांच्या पाठीतल्या पाण्यात प्रथिने वाढलेली पण पेशी नेहमीइतक्याच असल्याचे दाखवले. ही खूण आजही निदानाला उपयोगी पडते. स्ट्रोल यांचे नाव पुढे गळाले; विज्ञानाच्या इतिहासातही असे अन्याय होतात.

आता लक्षणांकडे वळू, कारण वाचकाच्या कामाचा भाग हाच. सुरुवात बहुधा पायांच्या बोटांना मुंग्या येण्यापासून होते. दोन्ही पायांना, जवळजवळ सारख्याच. मग पायांतले बळ जाते. हे बळ जाणे प्रत्येकाच्या लक्षात वेगवेगळ्या प्रसंगी येते. चालताना स्लिपर पायातून निसटते आणि निसटल्याचे कळतही नाही. उकिडवे बसलेल्याला हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. आपल्याकडे तर पाखाडीच सगळे सांगून टाकते. रस्त्यावरून खाली वाडीत उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्या काल डोक्यावर भारा घेऊन चढलेली बाई आज चौथ्या पायरीवर बसकण मारते. लहान मूल चालायचे सोडते आणि सारखे ‘कडेवर घे’ म्हणते. पुढच्या काही दिवसांत अशक्तपणा मांड्या, हात, चेहरा असा वर चढतो. निम्म्या रुग्णांत चेहऱ्याचे स्नायू सापडतात. डोळे पूर्ण मिटत नाहीत, चूळ भरताना पाणी ओठांतून सांडते. काहींना गिळताना ठसका लागतो, आवाज नाकातून येतो. बहुतेकांचा आजार दोन आठवड्यांत शिगेला पोचतो आणि चार आठवड्यांनंतर सहसा वाढत नाही.

दिशाभूल करणारे एक लक्षण म्हणजे पाठदुखी. तिघांपैकी दोघांना कंबर, पाठ किंवा मांड्या जबर दुखतात, कधी अशक्तपणाच्याही आधी. मग ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ अशी निदाने होतात, कमरेला पट्टा लागतो, तेल चोळले जाते आणि चार मौल्यवान दिवस जातात. मान्य आहे, कंबर दुखणारे शंभर लोक येतात आणि त्यांतल्या एखाद्यालाही जीबीएस नसतो. पण कंबरदुखीत दोन्ही पायांचे बळ दिवसागणिक कमी होत नाही.

इथे ती रबरी हातोडी कामाला येते. गुडघ्याच्या वाटीखाली टोला दिला की पाय उडतो. जीबीएसमध्ये बहुधा उडत नाही. तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही, खर्च शून्य. प्राथमिक आरोग्य केंद्रात हातोडी नसेल तर अनुभवी डॉक्टर स्टेथोस्कोपच्या कडेनेही हे काम भागवतात. सुरुवातीच्या दिवसांत थोड्या रुग्णांत पाय उडतो हेही खरे, म्हणून एका तपासणीवर निर्धास्त राहायचे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोला द्यायचा. नसांच्या वहनाची विजेची चाचणी आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी निदान पक्के करतात, पण दोन्ही पहिल्या आठवड्यात साफ निघू शकतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा’ हे वाक्य या आजारात धोक्याचे.

कोकणात आणखी दोन-तीन गोष्टींचा घोळ होतो. एक म्हणजे मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे मण्यार चावते, दंश दिसत नाही, दुखतही नाही, आणि सकाळी पोटात कळा येऊन पापण्या मिटू लागतात. तो लकवा डोळ्यांपासून सुरू होऊन खाली उतरतो आणि काही तासांत श्वासापर्यंत जातो. जीबीएस बहुधा पायांपासून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. दुसरी गोष्ट बागेतल्या फवारणीची. काही कीटकनाशकांच्या विषबाधेनंतर एक-दोन दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात, म्हणून आंबा बागायतदाराने फवारणी केली होती का हे विचारायलाच हवे. तिसरे, रक्तातले पोटॅशियम एकाएकी उतरणे, जे साध्या रक्ततपासणीत कळते. अर्धांगवायू वेगळा : तो एका बाजूला येतो आणि मिनिटांत येतो.

मुलांच्या बाबतीत यंत्रणेकडे एक चांगली सवय आहे, पोलिओने लावलेली. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरीही पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले तर ते आजही आरोग्य खात्याला कळवावे लागते आणि शौचाचे दोन नमुने तपासणीला जातात. पोलिओ गेल्यावर अशा मुलांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे जीबीएसच. मुलांसाठी हे जाळे उभे आहे. चाळिशीतल्या रिक्षावाल्यासाठी नाही.

श्वासाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. जीबीएसमध्ये माणूस जातो तो मुख्यतः श्वासाचे स्नायू थकल्याने, फुप्फुसात जंतुसंसर्ग झाल्याने किंवा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बेताल झाल्याने. चार-पाच रुग्णांमागे एकाला कृत्रिम श्वास लागतो. करोनानंतर घराघरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि ‘अठ्ठ्याण्णव आहे, काळजी नको’ असे म्हणायची सवय लागली. या आजारात हा आकडा फसवतो. फुप्फुसे निरोगी असतात, फक्त भाता हलवणारे स्नायू दमत चाललेले असतात, आणि ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी घसरतो. तो ९० वर आला तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो. त्यापेक्षा सोपी कसोटी अशी : रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्या एकाच श्वासात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला लावा. धडधाकट माणूस सहज तिसाच्या पुढे जातो. वीसच्या आत दम संपत असेल तर धोका आहे. सकाळी तीस, दुपारी बावीस, संध्याकाळी सोळा असा उतार दिसला तर तो आकड्यापेक्षाही गंभीर. सोबत आणखी एक पाहा : उशीवरून मान उचलता येते का? मानेचे आणि श्वासपटलाचे स्नायू बऱ्याचदा एकत्रच थकतात. नर्सबाई, मुलगा, शेजारी, कुणीही हे करू शकतो, आणि दर काही तासांनी करून वेळेसह कागदावर लिहून ठेवू शकतो. पुढच्या डॉक्टरला तो कागद फार मोलाचा वाटेल.

रत्नागिरीचा खरा प्रश्न अंतराचा आहे. जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलेला. मंडणगडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा महाड जवळ वाटते. चिपळूणचा रुग्ण डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात जातो किंवा कुंभार्ली घाट चढून कराडला. रत्नागिरी, लांजा, संगमेश्वरची माणसे आंबा घाटातून कोल्हापूर गाठतात, आणि ज्यांचे कुणी मुंबईत चाकरमानी आहे ते केईएम किंवा नायरचा रस्ता धरतात. २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही मोठी गोष्ट, आणि येत्या काळात अशा रुग्णांची बरीच जबाबदारी त्याने उचलावी अशी अपेक्षा रास्त आहे. पण आजही अनेकांना घाट ओलांडावा लागतो. दोन-तीन तासांच्या त्या वळणावळणाच्या रस्त्यात श्वास थांबला तर गाडीत काय आहे? १०८ च्या रुग्णवाहिका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, आणि कृत्रिम श्वासाची सोय सगळ्यांत नसते. म्हणून श्वासाची मोजणी उतरत चाललेल्या रुग्णाला हलवण्याआधी, गरज पडली तर इथेच नळी घालून, मग पाठवावे. जवळच्या दवाखान्यात आधी स्थिर करणे म्हणजे वेळ घालवणे नव्हे. नातेवाइकांना हे पटत नाही, ‘इकडे ठेवू नका, लगेच कोल्हापूर’ असा धोशा असतो. भीती समजण्यासारखी आहे, पण घाटात घडणाऱ्या अनर्थाला उपाय नसतो.

उपचारांबद्दलचा वाद वैद्यकशास्त्रात बराचसा मिटलेला आहे. दोनच गोष्टी आजाराला लगाम घालतात. एक, प्लाझ्मा बदलणे : रक्तातला द्रव भाग काढून त्यातली उपद्रवी प्रतिपिंडे बाहेर टाकायची आणि पर्यायी द्रव भरायचा, साधारण दोन आठवड्यांत पाचेक वेळा. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने याचा फायदा सिद्ध केला. दुसरी, आयव्हीआयजी : हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून काढलेली प्रतिपिंडे शिरेवाटे देणे. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीने ती प्लाझ्मा बदलण्याइतकीच गुणकारी असल्याचे दाखवले. दोन्ही एकापाठोपाठ केल्याने जास्त फायदा होत नाही. आयव्हीआयजीचा दुसरा कोर्स दिल्यानेही होत नाही, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. चालता न येणाऱ्या रुग्णाला पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर लाभ सर्वाधिक. ज्यांना चालता येते आणि आजार स्थिर आहे, अशांना अनेकदा नुसत्या देखरेखीचीच गरज असते, म्हणजे निदान झाले की इंजेक्शन असे समीकरण नाही.

आणि स्टिरॉइड? अनेक स्वयंप्रतिकार आजारांत ते रामबाण, पण इथे निरुपयोगी. गोळ्यांनी तर सुधारणा लांबल्याचे चाचण्यांत दिसले आहे. ‘नसांना सूज आहे’ म्हणून कुणी स्टिरॉइडचा डोस सुरू केला, किंवा ‘ताकदीचे’ म्हणून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने आणि सलाइन चढवले, तर रुग्णाला बरे वाटल्याचा भास होतो आणि मोलाचे दिवस हातचे जातात. माझ्या मते आपल्याकडे जीबीएसमध्ये होणारे सर्वांत मोठे नुकसान चुकीच्या औषधाने होत नाही, या फुकाच्या धीराने होते.

आयव्हीआयजीचा डोस वजनावर ठरतो : किलोमागे एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २४ बाटल्या. पुण्यातल्या साथीत एका इंजेक्शनला वीस हजार रुपये लागत असल्याच्या बातम्या होत्या. कंपनीनुसार किंमत कमी-जास्त असते, पण कुठलाही दर धरला तरी रक्कम लाखांत जाते, आणि ती चार-पाच दिवसांत उभी करायची असते. दागिने गहाण पडतात, आंब्याच्या हंगामावर उचल घेतली जाते. त्या वेळी सरकारने पुण्यात कमला नेहरू, वायसीएम आणि ससून रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर केले आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली या आजारासाठीची मर्यादा वाढवली. साथीत दिसलेली ही तत्परता एकट्यादुकट्या रुग्णाच्या वाट्याला यायला हवी. गुहागरच्या एखाद्या वाडीतला रुग्ण बातमी होत नाही. पण त्याच्या बाटल्या तेवढ्याच महाग असतात. प्लाझ्मा बदलणे त्या मानाने स्वस्त पडते, फक्त त्याला यंत्र आणि हात बसलेली माणसे लागतात. नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी मागायचे असेल तर हे मागावे.

औषध हा उपचारांचा लहानसा भाग. उरलेले सगळे शुश्रूषेत असते : दर दोन तासांनी कूस बदलणे, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणे, गिळता येत नसेल तर नळीने खाऊ घालणे, लघवी तुंबली का पाहणे, मिटत नसलेल्या डोळ्यांत थेंब घालणे. आणि एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात ठेवावी. कृत्रिम श्वासावरचा जीबीएसचा रुग्ण बेशुद्ध नसतो. त्याला सगळे ऐकू येते, सगळे कळते; फक्त बोटही हलवता येत नाही. त्याच्या खाटेपाशी उभे राहून खर्चाची किंवा ‘वाचेल का’ची चर्चा करू नये. पापण्यांनी ‘हो’-‘नाही’ ठरवून घ्यावे, घड्याळ दिसेल असे लावावे, आज कोण आले होते ते सांगावे. ‘कॅच-२२’ या कादंबरीचा लेखक जोसेफ हेलर याला १९८१ मध्ये हा आजार झाला, आणि पुढे मित्रासोबत त्याने त्या दिवसांवर एक पुस्तकच लिहिले. सावरायला त्याला कित्येक महिने लागले.

सावरण्याचे गणित असे : सहा महिन्यांनंतर पाचपैकी चौघे आधाराशिवाय चालू लागतात. उत्तम उपचार मिळूनही शंभरातले तीन ते सात दगावतात. चालू लागलेल्यांतही अनेकांना थकवा वर्षानुवर्षे पुरतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला ‘आता काय झालंय तुला’ असे विचारले जाते. घरी परतल्यावर व्यायाम हवाच, पण दमेपर्यंत नको. गावठाणातल्या घरात अडचण येते ती उंच जोत्याची, पडवीच्या पायऱ्यांची आणि भारतीय शौचकूपाची. मध्ये भोक असलेली साधी खुर्ची, न्हाणीघरात पकडायला एक पाइप, पाऊल लोंबकळत असेल तर हलकी पट्टी, यांत फारसा खर्च नसतो. रोज फिजिओथेरपिस्टकडे जाणे शक्य नसेल तर घरातल्या एकाने व्यायाम शिकून घ्यावेत. आजार पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच एवढीच. मात्र अशक्तपणा आठ आठवड्यांनंतरही वाढतच असेल तर तो याचा चिवट भाऊबंद, सीआयडीपी, असू शकतो. गंमत अशी की त्याला स्टिरॉइड लागू पडते. दुपारनंतर पापण्या पडणाऱ्या मायस्थेनियाची आणि मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसची जात वेगळी. तिन्हींना एकाच ‘नसांच्या आजारात’ ढकलून चालत नाही.

आता पाण्याकडे. पुण्याच्या साथीत रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, नांदेड गावाला पाणी पुरवणारी विहीर संशयाच्या केंद्रस्थानी आली, आणि महापालिकेने खासगी पाणी प्रकल्पांनाही टाळे लावले. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. इमारती आधी आल्या, शुद्धीकरण मागे राहिले. रत्नागिरीत चित्र वेगळे पण निश्चिंत व्हावे असे नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. जांभ्याच्या कातळातून पाणी झरझर झिरपते, ते गाळून निघायला वेळच मिळत नाही. शोषखड्डा आणि विहीर जवळ असली की पहिल्या पावसात दोन्हींची गाठ पडते.

यावर उपाय करणारा माणूस गावातच असतो : ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, मग वाडीच्या शेवटच्या नळाचे पाणी नळीत घेऊन त्यात ओटीचे थेंब सोडायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शेवटपर्यंत पोचला. रंग आला नाही तर नाही. पावडर जुनी, ओलसर पोत्यातली असेल तर टाकूनही उपयोग नसतो, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. आपल्या ग्रामपंचायतीला पाण्याच्या गुणवत्तेचे हिरवे कार्ड आहे, पिवळे की लाल, हे ग्रामसभेत विचारणारे किती? रस्ता आणि सभामंडप यांवर तासभर भांडण होते, ओटी टेस्टची वही कुणी मागत नाही. लग्नसराईतल्या थंडगार जारवरही डोळे मिटून विश्वास नको. पाणी थंड आहे एवढेच त्यावरून कळते. घरात उकळलेले पाणी किंवा आरोग्यसेविकेने दिलेले मेडिक्लोरचे थेंब हा खात्रीचा मार्ग.

कोंबडीचे काय? साथीत चिकनची दुकाने विनाकारण बदनाम झाली. नीट शिजलेल्या सागोतीत हा जंतू टिकत नाही. धोका असतो तो कच्चे मटण-चिकन कापलेल्या विळीवर लगेच कांदा-कोथिंबीर चिरण्यात. विळी आणि हात साबणाने धुतले की प्रश्न मिटला. जीबीएस झालेल्याच्या जवळ बसल्याने, त्याचे कपडे धुतल्याने तो होत नाही. त्याला वेगळे ठेवायचे कारण नाही.

लसीचा मुद्दाही टाळू नये. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण आढळला आणि ती मोहीम थांबवली गेली. करोनाच्या काही लसींच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामांतही या आजाराची नोंद झाली. पण फ्लू आणि जुलाब स्वतः हा आजार लसीपेक्षा जास्त वेळा देतात. पुण्यातल्या साथीचे खापर लसीवर फोडणारे संदेश व्हॉट्सॲपवर फिरले. विहिरीकडे बघण्यापेक्षा ते सोपे होते.

तेव्हा सांगायचे एवढेच. जुलाब किंवा ताप होऊन गेल्यावर घरात कुणाच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या आणि बळ कमी होत गेले, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, तेल लावून झोपवू नका, देवाला गाऱ्हाणे घालायचे असेल तर वाटेत घाला. डॉक्टरांना गुडघ्याचा टोला देऊन पाहायला सांगा, एका श्वासातली मोजणी लिहून ठेवा, गिळताना ठसका लागत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका आणि १०८ ला फोन करताना ‘श्वासाचे यंत्र असलेली गाडी हवी’ असे स्पष्ट सांगा. निघताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत टाका. योजनेतल्या रुग्णालयात पोचलात की आधी आरोग्यमित्राचे टेबल गाठा. कागद तिथेच लागतात.